उन्हाचा वाटा

जमिनीला मालक असतो, विहिरीला मालक असतो, बांधावरच्या आंब्यालाही मालक असतो. उन्हाला मात्र मालक नाही. ते मंदिराच्या कळसावर पडते, तसेच झोपडीच्या गवतावरही पडते. त्याबद्दल कोणी कर मागत नाही आणि कोणाला दामही मोजावा लागत नाही. म्हणूनच ऊन ही कधी न संपणारी आणि कोणालाही न अडविता येणारी संपत्ती आहे, अशी सर्वांची समजूत असते.

परंतु दाट वस्तीत राहणाऱ्या मनुष्याला निराळाच अनुभव येतो. पाऊस ज्याच्या त्याच्या अंगणात वरून पडतो. ऊन बहुधा तिरपे येते. एखाद्या छपरावर पोचण्यापूर्वी सूर्याचा किरण शेजाऱ्याच्या कुंपणावरून, त्याच्या झाडाच्या शेंड्यावरून, त्याच्या गच्चीवरून वाट काढीत आलेला असतो. शेजाऱ्याने आपल्या जागेत, आपल्या पैशाने उंच इमारत बांधली, म्हणजे ती वाट बंद होते. शेजाऱ्याने कोणाच्या हद्दीत पाऊल टाकलेले नसते, कोणाची वस्तू उचललेली नसते. तरीही पलीकडच्या घरातून काहीतरी निश्चितपणे हिरावले गेलेले असते. अशा वेळी न्याय कोणाच्या बाजूने आहे? ज्याला घर बांधावयाचे आहे त्याच्या, की ज्याचे ऊन गेले त्याच्या? हा प्रश्न मनुष्यजातीला फार पूर्वीपासून पडत आला आहे आणि सूर्यापासून वीज मिळू लागल्यापासून तो अधिकच निकडीचा झाला आहे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी प्रथम सूर्याची वाट समजून घेतली पाहिजे. सूर्य रोज पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो हे खरे. परंतु वर्षभर तो आकाशातून एकाच उंचीवरून जात नाही. मे महिन्याच्या मध्यास पुण्यात माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या मनुष्याची सावली त्याच्या पायाखाली गडप होते. २२ डिसेंबरच्या सुमारास तोच सूर्य माध्यान्हीदेखील दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर चढतो. त्या वेळी १० मीटर उंचीच्या, म्हणजे साधारणपणे तीन मजली इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ९ मीटर पसरते. विषुववृत्तापासून जसजसे उत्तरेकडे जावे, तसतसा हिवाळ्यातील सूर्य अधिक खाली राहतो आणि सावल्या अधिक लांब होतात. ४० अंश उत्तर अक्षांशावर त्याच दिवशी माध्यान्ही तितक्याच उंच इमारतीची सावली २० मीटर, म्हणजे उंचीच्या दुप्पट होते. सकाळी दहा वाजता तर ती अडीचपटीहूनही अधिक लांब असते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात उंच इमारतीचा त्रास मुख्यतः तिच्या उत्तरेस राहणाऱ्याला होतो, आणि ज्या ऋतूत उन्हाची गरज सर्वांत जास्त, त्याच ऋतूत तो त्रास सर्वांत मोठा असतो.

पूर्वी उन्हाचा उपयोग धान्य व वाळवणे वाळविण्यास, कपडे सुकविण्यास आणि थंडीत अंग शेकण्यास होत असे. घटकाभर सावली आली, तर पापडांचे सूप उचलून दुसरीकडे नेता येत असे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी सिलिकॉन या मूलद्रव्यापासून केलेला सौर घट जगापुढे मांडला. तो घट आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करीत असे. आज घरांच्या गच्चीवर दिसणारी सौर पॅनेले सुमारे २० टक्के किंवा त्याहून थोड्या अधिक ऊर्जेचे विजेत रूपांतर करतात. ही पॅनेले सुपासारखी उचलून उन्हाकडे नेता येत नाहीत. एकदा छपरावर पक्की बसविली, की २५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ती तेथेच राहावयाची असतात.

शिवाय सावलीच्या बाबतीत सौर पॅनेल फार नाजूक असते. एका पॅनेलमध्ये अनेक लहान घट एकापुढे एक असे जोडलेले असतात आणि विजेचा प्रवाह त्या सर्वांतून क्रमाने जातो. आग विझविण्यासाठी माणसे रांगेत उभी राहून हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे देत असतात. त्या रांगेतील एक जरी मनुष्य मंदावला, तरी सगळी रांग मंदावते. पॅनेलमध्येही तसेच घडते. काही थोड्या घटांवर सावली पडली, तरी त्यांच्याबरोबर जोडलेल्या इतर घटांचे काम खुंटते. ही हानी कमी व्हावी म्हणून सावलीतील घटांना वगळून वीज दुसऱ्या मार्गाने नेण्याची योजना पॅनेलमध्ये केलेली असते; तथापि हानी पूर्णपणे टळत नाही. एखाद्या कुटुंबाने अनेक वर्षांची शिल्लक खर्चून छपरावर पॅनेले बसविली आणि पाचव्या वर्षी दक्षिणेस उंच इमारत उभी राहिली, तर उरलेल्या वीस वर्षांच्या विजेचे काय होणार?

सौर पॅनेले नवी असली, तरी उन्हासाठी घरांची योग्य रचना करण्याची कल्पना फार जुनी आहे. ग्रीस देशाच्या उत्तर भागात ऑलिंथस नावाचे एक प्राचीन नगर होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तेथील एका टेकडीवर नवी वस्ती वसविण्यात आली. घरांच्या रांगा पूर्व-पश्चिम दिशेने आखल्या गेल्या. प्रत्येक घराच्या मुख्य खोल्या उत्तरेच्या बाजूस होत्या आणि त्यांच्यापुढे दक्षिणेस मोकळे अंगण होते. त्यामुळे हिवाळ्यातील उतरते ऊन अंगणावरून थेट खोल्यांत शिरत असे. हे सुख एखाद्या श्रीमंतापुरते नव्हते, तर सामान्य नागरिकांच्या घरांतही ते पोचेल अशी ती आखणी होती. त्याच शतकातील थोर तत्त्वज्ञ सॉक्रेटिस यानेही, घराचे तोंड दक्षिणेस असले म्हणजे हिवाळ्यात सूर्य ओसरीत येतो व उन्हाळ्यात तो डोक्यावरून जात असल्याने सावली मिळते, असे आपल्या मित्रांना समजावून सांगितल्याचे त्याचा शिष्य झेनोफन याने लिहून ठेवले आहे.

ग्रीसपासून हजारो कोस दूर, उत्तर अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतातील आदिवासींनीही हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली. एका उंच, सपाट माथ्याच्या खडकावर ॲकोमा नावाचे त्यांचे शेकडो वर्षांचे गाव आजही उभे आहे. तेथील घरांच्या रांगा पूर्व-पश्चिम असून प्रत्येक घर दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. दोन रांगांमधील अंतर असे ठेवले आहे की, हिवाळ्यात पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर चढू नये. या लोकांजवळ कोणतेही लेखी नियम नव्हते. तरीही उत्तरेस राहणाऱ्या शेजाऱ्याच्या उन्हाची काळजी दक्षिणेस राहणाऱ्याने घ्यावी, हा विचार त्यांनी आपल्या घरांच्या भिंतींतच बांधून ठेवला.

रोमन लोकांनी या विचाराला कायद्याचे रूप दिले. रोममध्ये ऊन साठवून ऊबदार राहणारी खोली बांधण्याची प्रथा होती. एखाद्याच्या अशा खोलीला ऊन मिळण्याचा हक्क असेल आणि दुसऱ्याने झाड लावून ते ऊन अडविले, तर तो त्या हक्काचा भंग होय, असे मत रोमन कायदेपंडित उल्पियन याने दिले. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याने रोमन कायद्याचे जे मोठे संकलन करविले, त्यात या मताला स्थान मिळाले. इंग्लंडमध्ये निराळी प्रथा रूढ झाली. एखाद्या खिडकीतून दीर्घ काळ अखंड उजेड येत असेल, तर तो पुढेही येऊ देणे शेजाऱ्यावर बंधनकारक ठरू लागले. १८३२ च्या एका कायद्याने हा काळ वीस वर्षे असा निश्चित केला. लंडनमधील काही जुन्या इमारतींच्या खिडक्यांखाली ‘प्राचीन उजेड’ अशा अर्थाच्या पाट्या आढळतात. त्या पाट्या म्हणजे शेजाऱ्याला दिलेली सूचनाच होय.

अमेरिकेतील न्यायालयांनी मात्र इंग्लंडची ही प्रथा स्वीकारली नाही. नवा देश झपाट्याने वाढत होता. प्रत्येक जुन्या खिडकीसाठी नवे बांधकाम थांबवू लागल्यास नगरे वाढणार कशी, असे तेथील न्यायाधीशांचे म्हणणे होते. १९५९ साली फ्लोरिडा राज्यातील मायामी बीच येथे दोन मोठ्या हॉटेलांत वाद झाला. एका हॉटेलाने चौदा मजल्यांची नवी इमारत उभारण्यास आरंभ केला. हिवाळ्यात दुपारी दोनच्या पुढे तिची सावली शेजारच्या हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावावर पडणार होती. उन्हात बसण्यासाठीच तेथे पाहुणे येत असल्यामुळे त्या हॉटेलाने न्यायालयात दाद मागितली. परंतु शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उन्हावर कोणाचाही कायदेशीर हक्क नाही, असा निकाल वरिष्ठ न्यायालयाने दिला.

परिस्थितीत पालट झाला तो १९७३ साली. त्या वर्षी पश्चिम आशियातील युद्धामुळे अरब देशांनी खनिज तेलाचा पुरवठा रोखला आणि तेलाचे भाव एकाएकी कडाडले. तेलावर अवलंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे लोकांना कळून चुकले. घर ऊबदार ठेवण्यासाठी व पाणी तापविण्यासाठी सूर्याचा उपयोग करावा, असे अनेकांना वाटू लागले. अशा वेळी कॅलिफोर्निया राज्यातील डेव्हिस या गावी मायकेल व ज्युडी कॉर्बेट या दांपत्याने १९७५ साली एक आगळी वसाहत उभारण्यास आरंभ केला. तिचे नाव ‘व्हिलेज होम्स’. सुमारे ७० एकरांच्या या वसाहतीत दोनशेहून अधिक घरे आहेत. कॉर्बेट दांपत्याने प्रथम रस्त्यांचा विचार केला. रस्ते पूर्व-पश्चिम ठेवले, म्हणजे त्यांच्या कडेची घरे आपोआपच उत्तर-दक्षिण भूखंडांवर येतात व प्रत्येक घराला दक्षिणेचे ऊन लाभते, हे त्यांनी ओळखले. रस्ते मुद्दाम अरुंद ठेवण्यात आले. त्यामुळे कडेच्या झाडांची सावली त्यांच्यावर पडते आणि उन्हाळ्यात वस्ती थंड राहते. घरांसाठी ऊन व रस्त्यांसाठी सावली, अशी दोहोंची वाटणी तेथे केलेली आढळते. अशी वाटणी घरे बांधून झाल्यावर करता येत नाही. नकाशा कागदावर असतो, तेव्हा रस्त्याची दिशा बदलण्यास एक रेघ पुरते. वस्ती उभी राहिल्यावर ती कोणालाही बदलता येत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने १९७८ साली सौर ऊर्जेचे रक्षण करण्यासाठी दोन कायदे केले. त्यांपैकी एक कायदा झाडांच्या सावलीविषयी होता. शेजाऱ्याची सौर यंत्रणा बसल्यानंतर कोणी झाड लावले किंवा वाढू दिले आणि सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंतच्या वेळात त्या यंत्रणेचा एकदशांशाहून अधिक भाग सावलीत गेला, तर तो अपराध मानला जाई. कायदा न्याय्य दिसत होता. परंतु सनीव्हेल या गावी त्याची कसोटी लागली. तेथील एका कुटुंबाने आपल्या अंगणात रेडवुडची आठ झाडे लावली होती. रेडवुड हा जगातील सर्वांत उंच वाढणारा वृक्ष. अरण्यात तो १०० मीटरहूनही उंच जातो. २००१ साली शेजारच्या कुटुंबाने आपल्या घरी सौर पॅनेले बसविली. रोपे हळूहळू वृक्ष झाले आणि पॅनेलांवर सावली पडू लागली. एका बाजूस हवा शुद्ध करणारी, पाखरांना आसरा देणारी झाडे. दुसऱ्या बाजूस धूर न करता वीज देणारी पॅनेले. दोन्ही कुटुंबे निसर्गाचे भलेच इच्छिणारी होती, तरीही ती न्यायालयात एकमेकांसमोर उभी राहिली. न्यायालयाने आठांपैकी दोन झाडे कायद्याचा भंग करतात असे ठरविले. या निकालावर पुष्कळ चर्चा झाली. झाडे आधी लावली गेली असता ती वाढली म्हणून कोणी अपराधी कसा ठरावा, असे लोक विचारू लागले. अखेर २००८ साली राज्याने कायद्यात सुधारणा केली आणि पॅनेले बसविण्यापूर्वी लावलेल्या झाडांना त्या कायद्यातून वगळले.

भांडण झाल्यावर न्याय करण्यापेक्षा भांडणच होऊ नये अशी मर्यादा आधी आखून द्यावी, हा मार्ग कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या शहराने स्वीकारला. हे शहर ४० अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. तेथील एक मोठा रस्ता तर या अक्षांशाच्या रेषेवरूनच जातो. शहराच्या नियमांत एका काल्पनिक कुंपणाची योजना आहे. कमी दाटीच्या निवासी भागात प्रत्येक भूखंडाच्या हद्दीवर बारा फूट उंचीचे कुंपण उभे आहे, अशी कल्पना करावयाची. २१ डिसेंबर या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत त्या कुंपणाची जेवढी सावली शेजाऱ्याच्या जागेवर पडली असती, तेवढी सावली पाडण्याची मोकळीक घरमालकाला आहे. त्याहून अधिक सावली पडेल असे नवे बांधकाम त्याने करू नये. दाट वस्तीच्या भागात हेच कुंपण पंचवीस फूट उंच मानले जाते. तेथे शेजाऱ्याच्या अंगणाला नाही, तरी निदान त्याच्या छपराला ऊन मिळावे हा हेतू आहे.

या नियमाचे गणित साधे आहे. समजा, एखाद्याला बोल्डर येथे तीस फूट उंचीचे घर बांधावयाचे आहे. बारा फुटांच्या कुंपणाहून ते अठरा फूट अधिक उंच होईल. माध्यान्हीची सावली उंचीच्या दुप्पट असते. म्हणून केवळ माध्यान्हीचा विचार केला, तरी घराचा तो उंच भाग उत्तरेकडील हद्दीपासून छत्तीस फूट आत असला पाहिजे. इतकी जागा नसेल, तर घरमालकाने छप्पर उत्तरेकडे उतरते करावे किंवा वरचा मजला दक्षिणेकडे सरकवावा. त्याला घर बांधण्यास बंदी नाही. घराचा आकार ठरविताना शेजाऱ्याचे ऊन लक्षात घेण्याची अट तेवढी आहे. रॅल्फ नोल्स या अमेरिकन स्थापत्यशास्त्रज्ञाने याच तत्त्वाचा अधिक विस्तार केला. शेजाऱ्याचे ऊन न अडविता एखाद्या भूखंडावर जास्तीत जास्त किती उंच व कोणत्या आकाराचे बांधकाम करता येईल, हे सूर्याच्या वर्षभराच्या मार्गावरून काढण्याची पद्धत त्याने सिद्ध केली. ॲकोमा गावाचाही त्याने बारकाईने अभ्यास केला होता.

हळूहळू न्यायालयांची दृष्टीही बदलली. १९८२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सौर उष्णतेवर चालणाऱ्या एका घराचे प्रकरण आले. शेजारी बांधले जाणारे नवे घर आपले ऊन अडवील, अशी त्या घरमालकाची तक्रार होती. पूर्वी ऊन हे केवळ सुखाचे व शोभेचे साधन होते, आता ते ऊर्जेचे साधन झाले आहे. म्हणून अशी तक्रार ऐकून घेतली पाहिजे, असे त्या न्यायालयाने मानले. जपानमध्ये तर सामान्य नागरिकांनीच हा प्रश्न हाती घेतला. टोकियोसारख्या शहरांत उंच इमारती उठू लागल्या आणि लहान घरांतील माणसांना कपडे व बिछाने उन्हात टाकणेही कठीण झाले. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात येणारे ऊन हे कायद्याने रक्षण करण्याजोगे हित आहे, हे मान्य केले. १९७६ साली इमारतींच्या सावलीवर मर्यादा घालणारे नियम झाले. जपानच्या बहुतेक भागांत वर्षातील सर्वांत लहान दिवशी सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत सावली किती तास पडते, हे मोजून ती मर्यादा ठरविली जाते.

महाराष्ट्रातही हा प्रश्न आता उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत तीन-चार मजली जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उठत आहेत. दुसरीकडे, घराघरांच्या छपरावर वीज निर्माण व्हावी म्हणून भारत सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे एका हाताने छपरावर पॅनेले बसविली जात आहेत आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याच दक्षिणेस उंच भिंती उभ्या राहत आहेत. भारतात १८८२ साली वहिवाटीच्या हक्कांविषयी जो कायदा झाला, त्यातही इमारतीला वीस वर्षे अखंड मिळणाऱ्या उजेडाचे रक्षण केलेले आहे. परंतु ज्या पॅनेलचे आयुष्यच पंचवीस वर्षे, त्याने आपला हक्क सिद्ध होण्यासाठी वीस वर्षे थांबावयाचे म्हटले, तर त्या हक्काचा उपयोग तो किती उरणार?

महाराष्ट्रात सूर्य बोल्डरपेक्षा बराच वर चढतो, म्हणून येथील सावल्या तेथल्याहून निम्म्याहूनही आखूड असतात. हे मोठेच भाग्य होय. थोडीशी दूरदृष्टी दाखविली, तरी येथे पुष्कळ काही साधू शकते. नवी वसाहत आखताना उंच इमारती उत्तरेच्या कडेस व बुटक्या इमारती दक्षिणेच्या बाजूस ठेवल्या, तर वसाहतीतील बहुतेक सर्व छपरे उन्हात राहतील. मात्र त्या उंच इमारतींच्या पलीकडे कोण राहतो, याचाही विचार झाला पाहिजे. पाण्याची टाकी व जिन्याची खोली गच्चीच्या उत्तर भागात बांधली, तर त्यांची सावली आपल्याच पॅनेलांवर व सौर बंबावर पडणार नाही. छपराच्या दक्षिणेस झाड लावावयाचे असेल, तर ते किती उंच वाढेल हे रोप लावतानाच पाहावे; वड-पिंपळासारख्या वृक्षांना मोकळे मैदान द्यावे. सावलीदेखील मनुष्याला हवीच असते. वैशाखातील दुपारी रस्त्यावरून चालणाऱ्याला झाडाच्या सावलीहून अधिक प्रिय काय असणार? म्हणून सावली कोठे असावी आणि ऊन कोठे असावे, हे सर्वांनी मिळून आधीच ठरविणे अगत्याचे आहे.

नदीच्या काठच्या शेतकऱ्यांत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. वरच्या शेतकऱ्याने सगळा पाट आपल्याच शेतात वळविला, तर खालचे शेत वाळून जाते, हे गावाला ठाऊक असते. म्हणून पाटाचे पाणी कोणी एकट्याचे समजत नाही. उन्हाचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, पण तोही दक्षिणेकडच्या छपरावरून उत्तरेकडच्या छपराकडे वाहत येतो. त्यात प्रत्येक घराचा वाटा आहे. आपले घर बांधताना उत्तरेकडच्या शेजाऱ्याचा वाटा मोजून बाजूस ठेवावा आणि आपला वाटा दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने ठेवला असेल, असा भरवसा बाळगता यावा, अशी व्यवस्था ज्या नगरात असेल, त्या नगराला सूर्याची देणगी खऱ्या अर्थाने लाभली असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ऊन आणि पाऊस यांच्या येण्यात कोणता फरक या पाठात सांगितला आहे?
(आ) उंच इमारतीच्या सावलीचा त्रास मुख्यतः कोणत्या दिशेच्या शेजाऱ्याला होतो? का?
(इ) सौर पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली, तरी विजेची मोठी हानी का होते?
(ई) लंडनमधील काही खिडक्यांखाली कोणत्या पाट्या आढळतात? त्यांचा हेतू काय?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) ऑलिंथस, ॲकोमा व व्हिलेज होम्स या तीन वस्त्यांच्या रचनेत कोणते साम्य आढळते?
(आ) बोल्डर शहराचा ‘काल्पनिक कुंपणा’चा नियम स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा. चाळीस फूट उंचीच्या घराचा उंच भाग उत्तरेकडील हद्दीपासून माध्यान्हीच्या हिशेबाने किती फूट आत असावा?
(इ) सनीव्हेल येथील वादात तुम्ही न्यायाधीश असता, तर कोणता निर्णय दिला असता? कारणे द्या.

३. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
दाद मागणे, कसोटी लागणे, उंबरठ्याशी येऊन ठेपणे, भरवसा बाळगणे.

४. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करून समास ओळखा.
सूर्यप्रकाश, पूर्व-पश्चिम, तीन-चार, वड-पिंपळ.

५. उपक्रम : एक मीटर लांबीची काठी मोकळ्या जागेत सरळ उभी रोवा. डिसेंबर, मार्च व मे या महिन्यांतील २१ तारखेस सकाळी दहा, दुपारी बारा व दुपारी दोन वाजता तिची सावली मोजा आणि कोष्टकात मांडा. कोणत्या महिन्यात सावली सर्वांत लांब होती, ते वर्गात सांगा.